तैवानचा राजकीय दर्जा आणि आंतरराष्ट्रीय मान्यता

सुमारे २.३ कोटी लोकवस्तीच्या तैवानकडे स्वतःचे निवडून आलेले सरकार, सैन्य, चलन आणि पासपोर्ट आहे. संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मात्र नाही. राज्यघटनेनुसार त्याचे नाव ‘चीनचे प्रजासत्ताक’. बीजिंगचे ‘चीनचे लोक प्रजासत्ताक’ त्याला आपला प्रांत म्हणवते, जरी तेथे त्याची सत्ता एक दिवसही नव्हती.

१८९५च्या शिमोनोसेकीच्या तहाने हे बेट चीनकडून जपानकडे गेले. १९४५मध्ये जपान हरल्यावर ‘चीनचे प्रजासत्ताक’चे नेते चँग कै-शेक यांच्या सरकारने त्याचा ताबा घेतला आणि १९४९मध्ये यादवी युद्धात कम्युनिस्टांकडून पराभूत होऊन ते सरकार तैवानच्या तैपेई शहरात आले. १९५१च्या सॅन फ्रान्सिस्को तहात जपानने बेटावरचा हक्क सोडला, पण तो कोणाला द्यायचा हे तहात लिहिलेच नाही. त्या परिषदेला दोन्हींपैकी एकाही चिनी सरकारला बोलावणे नव्हते. कायद्याचा सगळा कीस तेव्हापासून या एका त्रुटीवर पाडला जातो.

१९७१च्या २७५८ क्रमांकाच्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांतील चीनची जागा बीजिंगला मिळाली. तैवानचा प्रश्नही त्यातच मिटला, असे बीजिंग सांगते. ठरावाच्या मजकुरात तैवान हा शब्दसुद्धा नाही. त्यामुळे हा अर्थ ओढूनताणून काढलेला आहे. पुढे देश एकेक करून बाजू बदलत गेले, १९७९मध्ये अमेरिकाही. जानेवारी २०२४मध्ये नाउरूने संबंध तोडल्यावर तैपेईला मान्यता देणारे, व्हॅटिकन धरून, १२ उरले.

व्यवहार अडत नाही, तो वेगळ्या नावांनी चालतो. जागतिक व्यापार संघटनेत तैवान २००२पासून ‘स्वतंत्र सीमाशुल्क क्षेत्र’ म्हणून आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या पुरुष दुहेरीचे सुवर्ण ली यांग आणि वांग ची-लिन यांनी जिंकले, तेव्हा ‘चायनीज तैपेई’ या नावाखाली तैवानच्या ऑलिंपिक समितीचा पांढरा ध्वज वर चढला; राष्ट्रगीताऐवजी ध्वजगीत वाजले. भारताशी १९९५पासून राजदूतावासाविना कार्यालयांमार्फत संबंध आहेत. तैवानचे असे एक कार्यालय २०२४मध्ये मुंबईतही उघडले.

या वादात बेटावरच्या माणसांचे मत सर्वांत शेवटी विचारले जाते, हे अन्यायाचे आहे. १९८७मध्ये लष्करी कायदा उठला, १९९६पासून ते राष्ट्राध्यक्ष थेट निवडतात. विलीनीकरणही नको आणि युद्ध ओढवणारी स्वातंत्र्याची घोषणाही नको, आहे तेच चालू द्या, असा बहुतेकांचा कौल सर्वेक्षणांत दिसतो. चीनच्या २००५च्या फुटीरताविरोधी कायद्यात मात्र बळाच्या वापराची तरतूद कायम आहे.