डांबरगोळे

डांबरगोळे : समुद्रात सांडलेले किंवा सोडून दिलेले खनिज तेल ऊन, वारा, लाटा आणि सूक्ष्मजीव यांच्यामुळे बदलत जाऊन घट्ट होते व त्याचे काळे-तपकिरी, चिकट गोळे भरतीबरोबर किनाऱ्याला लागतात. त्यांना डांबरगोळे किंवा तेलगोळे म्हणतात. ‘टारबॉल’ हा इंग्रजी शब्दही वृत्तपत्रांतून रुळला आहे. गोवा आणि कोकणच्या किनाऱ्यावर ते मुख्यतः मे ते सप्टेंबर या काळात, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे वाहत असताना आढळतात.

‘डांबर’ हा शब्द येथे सैलपणे वापरलेला आहे. रस्त्याचे डांबर तेलशुद्धीकरणातून, तर जुन्या अर्थाचे डांबर दगडी कोळशापासून मिळते. डांबरगोळा मात्र मुळात कच्चे तेल किंवा जहाजाचे इंधनतेल असतो. मलाय भाषेत ‘दामार’ म्हणजे झाडाची राळ. ती होड्यांच्या सांधी बुजवण्यासाठी वापरली जाई व हिंदी महासागराच्या व्यापारात तिचे मोल होते. मराठी ‘डांबर’ आणि हिंदी ‘डामर’ हे शब्द त्याच व्यापारातून आले असावेत, असा एक तर्क आहे. तो संभाव्य वाटतो, परंतु निर्णायक म्हणता येत नाही.

तेल पाण्यावर पडताच त्याचा पातळ तवंग पसरतो आणि पहिल्या काही दिवसांत त्यातील हलके घटक उडून जातात. उरलेल्या जड भागात लाटांच्या घुसळणीने पाणी शिरते आणि तपकिरी, दाट पायस (तेल-पाण्याचे घुसळलेले मिश्रण) तयार होते. त्याचे आकारमान मूळ तेलाच्या कित्येक पट असू शकते. पुढे हे पायस फाटत जाऊन त्याचे तुकडे होतात. सूर्यप्रकाशाने तुकड्याचे बाहेरचे कवच कडक होते, पण गाभा मऊ राहतो. किनाऱ्यावर सापडलेला गोळा फोडून पाहिला, तर बाहेर वाळूचे कण आणि शिंपल्यांचा चुरा चिकटलेला निस्तेज थर दिसतो, तर आत काकवीसारखा चकाकणारा, बोटाला तार सुटणारा गाभा असतो. आकार मोहरीच्या दाण्यापासून नारळाएवढा किंवा त्याहून मोठा असतो. दुपारच्या उन्हात हे गोळे पाघळून वाळूत मुरतात. पायाला लागलेला डाग पाण्याने निघत नाही, त्याला खोबरेल तेल किंवा रॉकेल लागते.

खनिज तेल भूगर्भातून आपोआपही पाझरते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील चुमाश लोक अशा नैसर्गिक डांबराने आपल्या होड्या बंद करीत. त्यामुळे डांबरगोळे ही केवळ आधुनिक घटना नाही, मात्र त्यांचे आजचे प्रमाण निश्चितच आधुनिक आहे. नॉर्वेचा संशोधक थोर हायरडाल याने १९७० मध्ये ‘रा-२’ या पपायरसच्या नौकेतून अटलांटिक ओलांडताना ५७ दिवसांपैकी ४३ दिवस पाण्यावर तेलाचे गोळे तरंगताना पाहिल्याची नोंद केली. या नोंदीने प्रश्न जगापुढे आला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोळ्यांच्या शास्त्रीय नोंदी १९७० च्या दशकापासून मिळतात. त्यांतील बहुतेक दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या (स्थापना १९६६) अभ्यासातून आल्या आहेत. परिणामी गोव्याच्या किनाऱ्यांची माहिती तपशीलवार आहे, तर रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांबाबत ती तुटक आणि बव्हंशी वृत्तपत्रीय स्वरूपाची आहे.

गोळे पावसाळ्यातच का लागतात, याचे उत्तर वारे व प्रवाह यांत आहे. तरंगणारे तेल वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे तीन टक्के वेगाने, साधारणतः वाऱ्याच्या दिशेने सरकते. नैर्ऋत्य मोसमी काळात वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, आणि त्याच काळात किनाऱ्यालगतचा पृष्ठप्रवाह दक्षिणेकडे असतो. या दोहोंच्या परिणामाने उत्तरेकडे सांडलेले तेल आग्नेय दिशेने गोव्याकडे ढकलले जाते. हिवाळ्यात किनारी प्रवाह उलटतो व वारे बहुधा जमिनीवरून वाहतात, त्यामुळे तेव्हा किनारा स्वच्छ दिसतो. समुद्रात तेल त्या काळातही सांडत असते, फक्त ते किनाऱ्याला लागत नाही. ‘हंगामी उपद्रव’ हे वर्णन म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

गोळ्यांच्या उगमाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. सर्वांत जुने व दीर्घकाळ प्रचलित मत तेलवाहू जहाजांच्या टाक्यांच्या धुलाईचे आहे. कच्चे तेल उतरवून घेतल्यावर टाकीच्या भिंतींना व तळाला मेणचट गाळ चिकटून राहतो. पूर्वी हा गाळ धुऊन ते पाणी सर्रास भर समुद्रात सोडले जाई. पर्शियन आखातातून आग्नेय व पूर्व आशियाकडे जाणारा तेलमार्ग अरबी समुद्र ओलांडून लक्षद्वीप-मिनिकॉयच्या आसपासच्या सामुद्रधुनींतून जातो, यामुळे या मताला सहज पाठबळ मिळाले. शिवाय धुलाईच्या गाळात लांब साखळीच्या मेणांचे प्रमाण जास्त असते. असा नमुना वायुवर्णलेखन यंत्रात (मिश्रणातील घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रात) घातला, तर आलेखावर एकाऐवजी दोन उंचवटे दिसतात. ही खूण पश्चिम किनाऱ्यावरील अनेक नमुन्यांत आढळली आहे.

दुसरे मत मुंबई हाय या तेलक्षेत्राकडे बोट दाखवते. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किमी. अंतरावरील या क्षेत्राचा शोध १९७४ मध्ये लागला व १९७६ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. तेथून गोवा सुमारे ५०० किमी. आग्नेयेस, म्हणजे नेमका पावसाळी प्रवाहाच्या दिशेत पडतो. मे १९९३ मध्ये तेथील तेलवाहिनी फुटून मोठी गळती झाली आणि तेलाचा काही भाग मुरूडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. तथापि गोव्यातील गोळ्यांच्या नोंदी या क्षेत्राच्या उत्पादनाइतक्याच किंवा त्याहून थोड्या जुन्या दिसत असल्याने सर्व दोष या एका क्षेत्रावर टाकता येत नाही.

हा वाद रासायनिक ठशांच्या आधारे सोडवण्याचा प्रयत्न गेल्या दोन दशकांत झाला. तेल कितीही मुरले, तरी त्यातील होपेन व स्टेरेन या कुळांतील काही संयुगे जवळजवळ अबाधित राहतात. ज्या प्राचीन जीवांपासून तेल बनले, त्यांची ही आठवण असते. त्यांतील ओलिअनेन हे संयुग सपुष्प वनस्पतींच्या अवशेषांशी निगडित आहे. मध्यपूर्वेतील बरेचसे तेल सपुष्प वनस्पती पसरण्यापूर्वीच्या सागरी चुनखडकांतून आलेले असल्याने त्यात ओलिअनेन जवळपास नसते व गंधकाचे प्रमाण जास्त असते. म्हणून नमुना मध्यपूर्वेचा आहे की नाही, हे ठरवणे तुलनेने सोपे जाते. खरी अडचण पुढे आहे. मुंबई हायचे तेल आणि आग्नेय आशियातील तेल ही दोन्ही तुलनेने अलीकडच्या, तृतीयक कल्पातील खडकांतून आलेली असल्याने दोहोंत ओलिअनेन सापडते व केवळ या खुणेवरून त्यांत फरक करता येत नाही. त्यासाठी एकेका संयुगातील कार्बन-१३ या समस्थानिकाचे (कार्बनच्या किंचित जड प्रकाराचे) प्रमाण मोजावे लागते.

या पद्धतीने केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोव्याच्या किनाऱ्यावरील गोळे मुंबई हायचे नसून आग्नेय आशियाई कच्च्या तेलाशी जुळतात व ते टँकरच्या धुलाईतून आले असावेत, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर मे २०१३ मध्ये गोव्यातील नऊ किनाऱ्यांवरून गोळा केलेले नमुने तपासले असता मुंबई हायचे तेल हा मुख्य स्रोत दिसून आला. दोन्ही कामे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतीलच आहेत. काहींनी यात विसंगती पाहिली, परंतु नमुने वेगवेगळ्या वेळचे असल्याने एक निष्कर्ष दुसऱ्याला खोडत नाही. प्रत्येक वर्षीचे, किंबहुना प्रत्येक भरतीचे गोळे ही वेगळी घटना मानून तपासावी, हेच मत अधिक ग्राह्य वाटते. मेअखेरीच्या गोळ्यांबाबत वाऱ्या-प्रवाहांची गणिते तेलक्षेत्राच्या बाजूने झुकतात, हेही नमूद केले पाहिजे. अलीकडे उपग्रहांवरील रडारने टिपलेल्या तवंगांच्या प्रतिमा या तपासाला जोडल्या जातात. ढगांच्या आडूनही रडारला दिसत असल्याने पावसाळ्यात त्याचा विशेष उपयोग होतो. समुद्रतळातून होणाऱ्या नैसर्गिक पाझराचेही तिसरे मत मांडले जाते, पण त्यास भक्कम पुरावा मिळालेला नाही.

जहाजांच्या अपघातांतून येणारे तेल या वादाबाहेरचे आहे, कारण त्याचा स्रोत माहीत असतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘रॅक’ हे कोळसावाहू जहाज मुंबईजवळ बुडाले. ३० मे २००६ रोजी कारवारजवळ खडकांवर चढलेल्या ‘ओशन सेराया’मधील इंधनतेल उत्तरेकडे सरकून दक्षिण गोव्याच्या टोकापर्यंत पोहोचले. अरबी समुद्राचे पाणी तापत असून तेथील तीव्र चक्रीवादळांचे प्रमाण वाढल्याचे दिसते. मे २०२१ मधील तौक्ते वादळात मुंबई हाय परिसरात ‘पी-३०५’ ही तराफावजा नौका बुडून अनेकांचे प्राण गेले. तेलक्षेत्रे, त्यांच्या वाहिन्या व जहाजे यांना वादळांचा वाढता धोका लक्षात घेता पुढील काळात तेलगळतीचा विचार हवामानबदलापासून अलग ठेवता येणार नाही.

सागरी जीवांवरील परिणामांपैकी कासवांवरील परिणामांचा अभ्यास अधिक झाला आहे. अटलांटिकमध्ये, विशेषतः फ्लोरिडाजवळ, पिल्लांच्या जबड्यांत व अन्ननलिकेत डांबर आढळले आहे. वाहत्या शेवाळाच्या रेषेत अन्न शोधताना ती गोळेही गिळतात. गोव्यातील मोरजी, आगोंद व गालजीबाग आणि कोकणातील वेळास, आंजर्ले आदी किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात. उशिराच्या घरट्यांतील पिल्ले एप्रिल-मेमध्ये बाहेर पडतात, आणि तेव्हाच गोळ्यांचा हंगाम सुरू होत असतो. दोन बोटांत मावणाऱ्या या जिवाची समुद्राकडची पहिलीच वाट डांबराच्या पट्ट्यातून जावी, ही अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. गोळ्यांवर तेल पचवणारे जीवाणू व बुरशी वाढतात. त्यांचा प्रदूषण निवारणासाठी उपयोग करून घेण्यावर गोव्यात संशोधन चालू आहे. कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे डांबर व सूक्ष्म प्लॅस्टिक एकजीव झालेले थर आढळले असून २०२२ मध्ये त्यांना ‘प्लास्टिटार’ असे नाव देण्यात आले.

मासेमारीला बसणारी झळ सर्वांना सारखी नसते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, पण किनाऱ्यालगत रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या व लहान होड्यांतून जाणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांचे काम त्या काळातही चालते. गोळे नेमके त्यांच्याच जाळ्यांत येतात. डांबर लागलेल्या रापणीची आसे (जाळ्याचे डोळे) एकमेकांना चिकटतात, पकडलेले मासे विकले जात नाहीत आणि जाळे साफ करण्यात दिवस जातो. पर्यटनाचे नुकसान सरकारी चर्चेत येते, त्यामानाने या नुकसानीची दखल फार कमी घेतली गेली आहे.

जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठी झालेला आंतरराष्ट्रीय करार (मार्पोल) तेलाच्या बाबतीत २ ऑक्टोबर १९८३ पासून लागू झाला. त्यानुसार टँकरने किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपलीकडे, सागरी मैलामागे ३० लिटरपर्यंतच तेल सोडावे आणि नव्या टँकरने एका फेरीत सोडलेले एकूण तेल वाहिलेल्या मालाच्या तीस हजाराव्या भागाहून अधिक नसावे, असे बंधन आहे. तीन लाख टन तेल वाहणाऱ्या जहाजाला याचा अर्थ नियमात राहूनही दहा टन असा होतो. भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, पर्शियन आखाताचा परिसर व ओमानलगतचा अरबी समुद्र ही ‘विशेष क्षेत्रे’ असून त्यांच्यासाठी याहून कडक नियमांची तरतूद आहे. भारताचा पश्चिम किनारा त्यांत समाविष्ट नाही. तो असावा, असे येथील पुराव्यांवरून म्हणता येते. देशांतर्गत पातळीवर तेलगळतीच्या आपत्तीत समन्वयाची जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाकडे असून त्यासाठीची राष्ट्रीय योजना १९९६ पासून अमलात आहे.

उगमाच्या वादाला व्यावहारिक महत्त्व आहे ते भरपाईमुळे. भारत हा १९९२ च्या आंतरराष्ट्रीय तेलप्रदूषण भरपाई निधीचा सदस्य आहे. टँकर कोणता हे कळले नाही, तरी या निधीतून भरपाई मिळू शकते. मात्र तेल टँकरमधूनच आले, हे दावा करणाऱ्याला सिद्ध करावे लागते. तेलक्षेत्रातील गळती या निधीच्या कक्षेत येत नाही. म्हणजे कार्बनच्या समस्थानिकातील सूक्ष्म फरकावर रापणकाराच्या जाळ्याची किंमत कोणी द्यायची, हे ठरू शकते. त्यासाठी प्रत्येक तेलक्षेत्राच्या व प्रमुख आयात तेलांच्या ठशांचा कायमस्वरूपी संग्रह असणे आणि गोळे लागताच, सफाईपूर्वी, नमुने घेणे आवश्यक ठरते.

सफाई बहुधा हातांनी, फावडी व चाळण्या वापरून केली जाते. यंत्राने वरचा थर खरवडल्यास वाळूही जाते आणि तीतील खेकडे, शिंपले व कासवांची घरटी नष्ट होतात. गोळा केलेले डांबर किनाऱ्यावरच खड्ड्यात पुरण्याची पद्धत सर्वांत वाईट, कारण पुढच्या उधाणात वाळू वाहून गेली की तेच डांबर पुन्हा उघडे पडते.