गॅलॅगा (आठ-बिटी कॅसेटवरील खेळ)

गॅलॅगा : पडद्याच्या तळाशी आडव्या सरकणाऱ्या विमानाने वरून झेपावणारे शत्रू टिपण्याचा व्हिडिओ गेम. जपानच्या नामको कंपनीने तो १९८१ मध्ये नाण्यावर चालणाऱ्या यंत्रासाठी काढला. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम (१९८३) या घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरील आवृत्ती १९८५ ची. ग्रामीण विदर्भात तो फॅमिकॉमच्या नकली यंत्रांबरोबर, साधारणतः १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर पोचला असावा.

कॅसेटवरच्या यादीत तो बहुधा ‘गॅलेक्सियन’च्या (१९७९) आसपास असतो आणि दोहोंची गल्लत होते. गॅलेक्सियनमध्ये पडद्यावर एका वेळी एकच गोळी असते. गॅलॅगात दोन असतात, शिवाय शत्रू रांगेने गिरक्या घेत येऊन मग जागा धरतात.

वेगाचा प्रश्न : मूळ जपानी यंत्र सेकंदाला ६० चित्रे काढते, तर पाल (भारतात चालणाऱ्या प्रक्षेपण) पद्धतीच्या टीव्हीसाठीची नकली यंत्रे ५०. खेळाची चाल चित्रांशी बांधलेली असल्याने सगळेच सुमारे एक षष्ठांशाने मंदावते. संगीताची लय संथ होते, पण सूर जवळजवळ तोच राहतो, कारण तो मुख्य चिपच्या घड्याळावर ठरतो आणि त्या घड्याळात फरक अगदी थोडा असतो. खेळाचाच वेग वेगळा असल्यामुळे जपानी यंत्रावरचे गुण आणि इथले गुण यांची तुलना फारशी अर्थाची नाही.

खेळी : एका फौजेत ४० शत्रू असतात : ४ बॉस, १६ फुलपाखरे, २० माशा. बॉसला दोन गोळ्या लागतात. पहिलीने त्याचा रंग बदलतो. तो कधी कधी अर्ध्यावर थांबून किरण सोडतो व विमान ओढून नेतो. ते विमान मागे घेऊन बॉस झेपावत असताना त्याला मारले, तर विमान सुटून जोडीला लागते आणि मारा दुप्पट होतो. तो रांगेत उभा असताना मारल्यास मात्र पकडलेले विमान शत्रू होऊन अंगावर येते. शेवटचे विमान पकडले गेले की खेळ संपला.

जोडविमानासाठी आपले विमान बॉसला मुद्दाम केव्हा पकडू द्यावे याबाबत दोन मते आहेत. काही खेळाडू पहिल्याच फेरीत लगेच देतात. बहुतेक माशा-फुलपाखरे आधी उडवून, बॉसला एक गोळी घालून मग द्यावे, हे दुसरे मत अधिक सुरक्षित वाटते : सोडवायला एकच गोळी पुरते आणि मधल्या काळात मारा करणारे थोडे उरतात. जोडविमान रुंद असल्याने टिपलेही लवकर जाते. रिमोटवरचे टर्बो बटण (दाबून धरले की आपोआप भराभर गोळ्या सोडणारे) इथे फारसे कामाचे नाही. दोन्ही गोळ्या पडद्यावर असेपर्यंत तिसरी सुटत नाही, आणि चुकलेली गोळी वरपर्यंत जाईतो हात रिकामा राहतो.

तिसऱ्या, सातव्या, अकराव्या अशा फेऱ्यांत शत्रू मारा करत नाहीत. तेथे चाळीसही टिपल्यास १०,००० गुण मिळतात.

वीज व देखभाल : यंत्रातील ७८०५ रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सुट्या भागाला) ५ व्होल्ट देण्यासाठी किमान ७ व्होल्ट लागतात. रब्बीच्या ओलिताच्या दिवसांत पंपांमुळे व्होल्टेज उतरले की ९ व्होल्टचा अडॅप्टर त्याखाली जातो आणि खेळ आपोआप रीसेट होतो. गुण साठवण्याची सोय नाही, म्हणून लाईन गेली की सारे गेले. पोर्टेबल कृष्णधवल टीव्हीप्रमाणे यंत्रही ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालते, मात्र रेग्युलेटर सुमारे पावणेदोन पट तापतो. मे महिन्यातल्या उन्हाळ्यात तर तो स्वतःच बंद पडतो. पिन जोडण्याआधी प्लस-मायनस तपासावे, सर्व यंत्रांत ते सारखे नसते.

कॅसेट लागत नसेल तर फुंकू नये : थुंकीच्या ओलाव्याने ६० पट्ट्यांवर गंज चढतो. खोडरबराने हलके घासून कोरड्या कापडाने पुसावे. चित्र न येता नुसत्या मुंग्या दिसल्यास टीव्हीचा व्हीएचएफ चॅनल पुन्हा जुळवावा. चित्र येते पण वर-खाली पळते, तेव्हा यंत्र ६० चित्रांचे आहे असे समजावे व टीव्हीचा व्हर्टिकल होल्ड (चित्र उभे स्थिर करणारी कळ) फिरवून पाहावा.