मॅटिनी खेळ (पुणे)

चित्रपटगृहातील तीन, सहा आणि नऊच्या नियमित खेळांआधी, साधारणतः दुपारी बाराच्या सुमारास, बहुधा जुन्या चित्रपटाचा कमी दरात होणारा खेळ म्हणजे मॅटिनी होय. एकपडदा चित्रपटगृहांच्या काळात हा प्रघात देशभर होता. मात्र पेठांमधील टॉकीज, आसपासची महाविद्यालये आणि चित्रपटाकडे गांभीर्याने पाहणारा प्रेक्षक यांमुळे पुण्यात त्याला विशेष रंग चढला.

यामागचा हिशेब साधा होता. नव्या चित्रपटाच्या उत्पन्नात वितरकाचा मोठा वाटा असे, तर जुन्या चित्रपटाची प्रत थोड्या भाड्यात आठवडाभरासाठी मिळे आणि एरवी रिकामी राहणारी दुपार मालकाच्या पदरात काही टाकून जाई. प्रेक्षकांमध्ये तास बुडवून आलेले विद्यार्थी, रात्रपाळीचे कामगार आणि घरचे आवरून आलेल्या गृहिणी असत. कोणता चित्रपट कुठे लागला आहे, हे वर्तमानपत्रातील बोटभर जाहिरातीवरून कळे. अलका आणि कॅम्पातील वेस्ट एंड ही नावे इंग्रजी चित्रपटांशी, तर पेठांमधील टॉकीज मराठी-हिंदी चित्रपटांशी जोडली गेली होती. यांपैकी अप्पा बळवंत चौकाजवळच्या ‘प्रभात’चे स्थान वेगळे. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीचे नाव या चित्रपटगृहाने १९३४ पासून आठ दशके मिरवले. त्यानंतर ते किबे लक्ष्मी झाले.

मॅटिनीला येणारी प्रत बहुतेक वेळा गावोगाव फिरून झिजलेली असे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने यंत्रातून जाते, म्हणजे २००० फुटांचे रीळ सुमारे २२ मिनिटांत संपते. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटे. तो पाहून ऑपरेटर दुसरे यंत्र चालू करी आणि दुसऱ्या ठिपक्याला चित्र त्यावर घेई. प्रकाश कार्बनच्या दोन कांड्यांमधील ज्योतीचा असल्याने कांड्या जळत जातील तसे त्यांच्यातील अंतर सांभाळावे लागे. दुर्लक्ष झाले की पडदा पिवळा पडे आणि पिटातून शिट्ट्या सुरू होत. सर्वाधिक झीज रिळांच्या टोकांना होई. फाटलेली फिल्म कापून पुन्हा चिकटवताना काही चौकटी जात, नायक दारातून निघून एकदम गाडीत दिसे आणि गाळलेला संवाद प्रेक्षकांतला एखादा पाठांतरवाला मोठ्याने म्हणून टाकी. ओरखड्यांमुळे पडद्यावर उभ्या रेघा नाचू लागल्या की ‘पाऊस पडतोय’ असे म्हटले जाई. आज मॅटिनीविषयी हळहळणारे हा पाऊसही प्रेमाने आठवतात. त्या वेळी मात्र त्याला शिव्याच पडत, हे नोंदवलेले बरे.

चित्रवाणी व व्हिडिओ घरी येण्यापूर्वी जुना चित्रपट पुन्हा पाहण्याचा सर्वसामान्यांसाठी हाच मुख्य मार्ग होता. आपल्या जन्मापूर्वीचे चित्रपट एका पिढीने पाहिले ते बाराच्या खेळाला, आणि पुणेकरांच्या चित्रपटविषयक गप्पांमधील तपशिलाची हौसही बऱ्याच अंशी तेथेच पोसली गेली, असे म्हणण्यास हरकत नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या चित्रपट संस्थेतील आणि १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील खेळांना वेगळी शिस्त होती. तेथे चित्रपट अभ्यासासाठी दाखवला जाई, टॉकीजमध्ये तो तिकिटावर तगे.

१९७० च्या दशकात दूरदर्शनवर शनिवारी मराठी व रविवारी हिंदी चित्रपट दिसू लागला. पुढे व्हिडिओ कॅसेट, खासगी वाहिन्या आणि शेवटी बहुपडदा चित्रपटगृहे आली. तेथे सकाळपासूनच नव्या चित्रपटांचे खेळ सुरू होत असल्याने जुन्यासाठी राखीव अशी दुपार उरली नाही.

डिजिटल प्रक्षेपणानंतर फिल्मच्या प्रतींचा धंदाच संपला. कित्येक प्रती भंगारात गेल्या. फिल्ममधून चांदी काढून घेण्याचा उद्योग तर त्याहून जुना आहे. संग्रहातील प्रतीही नेहमीच सुरक्षित राहिल्या असे नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील चित्रपट संस्थेच्या आवारात लागलेल्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मचा मोठा साठा नष्ट झाला. अशा वेळी मूळ निगेटिव्ह हाती नसेल, तर पुनर्संचयन करणाऱ्यांना वापरात झिजलेल्या प्रतींवरच भिस्त ठेवावी लागते आणि एका प्रतीत गळलेल्या चौकटी दुसरीतून घेऊन चित्रपट जुळवावा लागतो.