ओठावरचा ताप आणि नवतपा

नागपुरात नवतपा, म्हणजे मे अखेरीचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की डोक्याला दुपट्टे बांधले जातात, खिशात कांदा येतो, आणि माझ्या खालच्या ओठाच्या डाव्या कडेला चुणचुण सुरू होते. दरवर्षी त्याच जागी. दुसऱ्या दिवशी तिथं मोहरीएवढ्या, पाणी भरलेल्या फोडांचा घोस. आई म्हणायची, ‘आतली उष्णता बाहेर पडली’, आणि तूप लावायची. तुपानं खपली मऊ राहते, एवढंच.

उष्णता वगैरे काही बाहेर पडत नसते. हा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू, बहुधा प्रकार १. नाव ऐकून दचकायला नको: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतले सुमारे ३८० कोटी लोक तो बाळगून आहेत. (नागीण याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूची.) बहुतेकांना तो लहानपणीच लाळेतून मिळतो आणि कळतही नाही. मग चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी, कवटीच्या आत, तो जन्मभर झोपून राहतो. ताप, जागरण, ताण किंवा कडक ऊन त्याला उठवतं, की त्याच तंतूवरून ओठावर उतरतो. जागा बदलत नाही ती म्हणूनच.

यावरच्या असायक्लोव्हिर या औषधाची करामत मला फार आवडते. हे औषध निरोगी पेशीत जवळपास निष्क्रियच असतं. विषाणू स्वतःचं एक विकर (एन्झाइम) वापरून त्याला चेतवतो, आणि तेच औषध मग विषाणूच्या डीएनएची साखळी वाढूच देत नाही. ज्यांच्या प्रयोगशाळेत ही करामत उलगडली त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल मिळालं. पण झोपलेल्या विषाणूवर त्याचा इलाज चालत नाही, आणि फोड पिकल्यावरही फारसा उपयोग नाही. चुणचुण सुरू होताच डॉक्टरांना विचारून घ्यायचं. नाही घेतलं तरी सात-दहा दिवसांत फोड बरे होतातच. डोळा लाल झाला, दुखला, तर मात्र थांबू नका.

आता दुपट्ट्याचं. आपण तो भिजवून बांधतो. गारवा मिळतो खरा, पण पातळ पांढरं सुती कापड ओलं झालं की अतिनील किरणं आणखीच आरपार जातात. मी आता आतून सनस्क्रीनवालं लिप बाम लावतो.

फोड ताजे असताना मुका, उष्टा पेला, एकच टॉवेल टाळायचा. तान्ह्या बाळाच्या तर जिवावर बेतू शकतं. गेल्या मे महिन्यात भाचीच्या बारशाला मी पाळण्याची दोरी तेवढी ओढली, मुका घेतला नाही. ताईच्या सासूबाई अजून फुगून आहेत.