मेण, माती आणि धातू : जुन्या ओतकामाची ठाणे परिसरातली पार्श्वभूमी

वागळे इस्टेटमधल्या आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या अभियांत्रिकी व्यावसायिकांना इन्व्हेस्टमेंट कास्टिंग ही प्रक्रिया चांगली ठाऊक असते. मेणाचा नमुना करायचा, त्यावर उष्णता सोसणारे लेप चढवायचे, मेण वितळवून काढायचे आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा, असा तिचा क्रम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दंतवैद्यांनी आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या इंजिनांचे भाग करणाऱ्यांनी ती नव्याने हाती घेतली. तथापि तोच क्रम दख्खनमध्ये जवळपास नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे. प्राचीन आणि मध्ययुगीन ओतकाम त्या काळच्या साधनांनी पुन्हा करून पाहू इच्छिणाऱ्यांनी हे लिखाण आधी वाचावे आणि त्याबरोबरच ठाणे परिसराला लाभलेल्या दोन स्वतंत्र परंपरांकडेही पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्यांपैकी एक सोपाऱ्याच्या मूर्तींत दिसते, तर दुसरी वसईच्या घंटांत.

हे लिखाण म्हणजे चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरचा, इ. स. ११३१च्या सुमाराचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ. सोमेश्वराची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे कर्नाटकातले बसवकल्याण. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणशी तिची गल्लत करू नये. मेणाच्या मूर्तीच्या पाठीवर, खांद्यांवर आणि मानेवर किंवा मुकुटावर धोत्र्याच्या फुलासारख्या लांब नळ्या (मेण बाहेर काढण्याच्या आणि धातू आत ओतण्याच्या वाटा) जोडाव्यात, असे ग्रंथ सांगतो. मातीत जाळलेला कोंडा, बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून ती दगडावर वाटावी; पहिला लेप पातळ द्यावा, तो सावलीत वाळल्यावर दुसरा द्यावा आणि तिसरा जाड द्यावा, असा त्याचा दंडक आहे. या प्रत्येक सूचनेमागे कारण आहे. पहिला पातळ लेप मेणावरच्या बारीक रेघा उचलतो, तर कोंडा आणि कापूस यांमुळे माती वाळताना तडकत नाही व तापल्यावर साच्यातला वायू सच्छिद्र भिंतीतून बाहेर पडू शकतो. सावलीत वाळवण्याचा आग्रह अशासाठी, की उन्हात वरचा थर आधी आकसतो आणि फाटतो.

या ग्रंथातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वजनांचा आहे. मेण आधी तोलून घ्यावे आणि पितळ-तांब्यासाठी त्याच्या आठ ते दहा पट, रुप्यासाठी बारा पट आणि सोन्यासाठी सोळा पट धातू घ्यावा, असे प्रमाण तिथे दिलेले आहे. मेणाची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी, पितळेची पाण्याच्या साडेआठ पटींच्या आसपास आणि चांदीची साडेदहा पट असते. म्हणजे पितळेचे आणि चांदीचे प्रमाण व्यवहारात बरोबर उतरते. शुद्ध सोन्याची घनता मात्र १९ हून अधिक असल्यामुळे सोळा पट सोन्याने साचा पुरता भरणार नाही. चांदी-तांब्याची भेसळ असलेले सोने धरले, तरच हा हिशेब जुळतो. राजाच्या ग्रंथातला हा आकडा प्रत्यक्ष कारागिराच्या तराजूवरून आलेला असावा, असे मला यावरून वाटते.

लिखाणापेक्षा काम अर्थातच कितीतरी जुने आहे. १९७४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा चार वस्तू सापडल्या. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी एकूण साठ किलोंहून अधिक भरणारे हे ओतीव काम महाराष्ट्राच्या मातीतून वर आले, याला फार महत्त्व आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरे इ. स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत नावाने येतात, आणि भडोचला तांबे, कथील व शिसे समुद्रमार्गे येत असे, हेही तीच पुस्तिका नोंदवते. पुढे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या ‘बुरुड राजाच्या कोटा’त, म्हणजे तिथल्या स्तूपात, उत्खनन केले, तेव्हा दगडी पेटीतल्या तांब्याच्या करंडकाभोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती मांडलेल्या आढळल्या. सात मानुषी (आजवर होऊन गेलेले) बुद्ध आणि आठवा मैत्रेय (पुढे येणारा बुद्ध) अशा या मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. सोपारा २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते.

वसईची कथा वेगळी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर आणि मेणवली येथे त्या आजही पाहता येतात. घंटेच्या काशात (तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूत) कथिलाचे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे धातू कठीण, ठिसूळ आणि नादमय होतो. घंटा आतून पोकळ असल्यामुळे मातीचा गाभा लागतो. सोमेश्वराचा जवळपास समकालीन असलेला थिओफिलस हा युरोपीय साधू या कामाचे वर्णन करतो : आडव्या दांड्यावर माती फिरवून गाभा तयार करायचा, त्यावर घंटेच्या जाडीइतकी चरबी चढवायची, बाहेरून पुन्हा माती द्यायची, लोखंडी पट्ट्यांनी ती आवळायची आणि चरबी वितळवून काढून खड्ड्यात ओतकाम करायचे. दख्खनमध्येही पोकळ ओतकाम या प्रमाणावर पोहोचले होते, हे १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ओतलेल्या, सुमारे ५५ टनांच्या ‘मलिक-ए-मैदान’ तोफेवरून दिसते.

आजच्या प्रयोगकर्त्याला मूर्ती आणि घंटा यांतला हा फरक लगेच जाणवतो. भरीव मूर्तीत चूक झाली, तर बहुधा नळीची जागा किंवा ओलसर माती कारणीभूत असते. घंटेत मात्र गाभा केसभर सरकला, तरी एक भिंत जाड आणि दुसरी पातळ होते व नाद बिघडतो. शिवाय गाभा पुरेसा ठिसूळ नसेल, तर थंड होताना आकसणारा धातू त्यावर आवळला जाऊन चिरतो. म्हणून गाभ्याच्या मातीत शेण आणि कोंडा सढळ हाताने घालणे योग्य. वाळून भेगाळणारी काळी माती या कामाला चालत नाही.

धातूच्या निवडीतही काळाचे भान ठेवावे लागते. भंगारातल्या पितळेत जस्त पुष्कळ असते आणि ते ९०७ अंश सेल्सियसला उकळत असल्यामुळे भट्टीवर पांढरा, अपायकारक धूर उठतो. शिवाय जस्ताच्या खनिजाबरोबर तांबे तापवून केलेल्या जुन्या पितळेत जस्त साधारण २८ टक्क्यांपर्यंतच जात असे. त्यामुळे राजस्थानातल्या झावरसारख्या ठिकाणचे शुद्ध जस्त सर्रास मिळू लागण्याआधीची वस्तू पुन्हा घडवायची असेल, तर भंगार न वापरता तांबे आणि कथील वेगवेगळे तोलून मुशीत घालणे हाच खात्रीचा मार्ग आहे.