मणक्यातला रॉड उन्हानं तापत नाही

सोलापुरात पारा ४२ अंशांवर गेला की मणक्याच्या ऑपरेशनमध्ये आधारासाठी स्क्रूंनी धातूचा रॉड बसवलेल्याला कुणीतरी सांगतंच, "आतला रॉड तापतोय, काढून टाका." हे खरं नाही. शरीराच्या आत तापमान ३७ अंशांच्या आसपास राहतं, आणि रॉडचंही तेवढंच.

दुखतंय हे मात्र खरं असतं. हाड जुळलेलं नसेल, स्क्रू सैल झाला असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा शेजारचा मणका झिजला असेल. म्हणून आधी सीटी स्कॅन. स्क्रूभोवती भुलीचं इंजेक्शन देऊन दुखणं तात्पुरतं थांबतं का, हेही बघतात. यंत्रमागावर तासन्तास उभं राहणाऱ्याला दुसरं ऑपरेशन म्हणजे पुन्हा बुडालेला रोज, आणि काढूनही दुखणं जाईलच असं नाही. हाड न जुळताच रॉड काढला, तर मणक्याचा आधारच जातो.