ताटातला अनोळखी तुकडा

बिस्किट तेच, चव तीच. बदललं ते फक्त पुड्यावरचं चित्र. पण रोज आवडीने खाणारं मूल आज त्याला हातही लावत नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आईवडिलांना हा प्रसंग नवा नाही. बाकीचे लोक मात्र निकाल देऊन मोकळे होतात: ‘नखरे आहेत’, ‘लाडावून ठेवलंय’, ‘भूक लागली की खाईल मुकाट्याने’. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत घातक आहे.

नव्या पदार्थाची भीती तशी बहुतेक सगळ्याच मुलांना वाटते. तिला ‘फूड निओफोबिया’ म्हणतात. साधारण २ ते ६ वर्षांच्या दरम्यान ती सगळ्यांत जास्त असते. चालायला लागलेलं मूल दिसेल ते तोंडात घालू शकतं, तेव्हा अनोळखी वस्तूपासून चार हात लांब राहण्यात त्याचा जीव वाचण्याची शक्यता जास्त. ही भीती रक्तातूनही येते. ब्रिटनमधल्या ८ ते ११ वर्षांच्या पाच हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मुलामुलांमधल्या या भीतीच्या फरकापैकी सुमारे ७८ टक्के फरक आनुवंशिक असल्याचं त्यात दिसलं. ‘आईने वळण लावलं नाही’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

बहुतेकांची भीती वयाबरोबर ओसरते. स्वमग्न मुलांची अनेकदा ओसरत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या ११ मुलांच्या नोंदींतून ऑटिझमचं वर्णन केलं, त्यांच्यातही खाण्याच्या तक्रारी होत्या. २०१९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे ७० टक्के स्वमग्न मुलांच्या खाण्याच्या सवयी वेगळ्या आढळल्या. इतर मुलांमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होतं.

असं का होतं हे समजायला द्राक्षांचा घोस घ्या. एक द्राक्ष गोड, दुसरं आंबट, तिसरं दातांखाली कडक, चौथं पिचपिचीत. आपण ते सहज खाऊन टाकतो, कारण एवढा फरक आपला मेंदू गृहीत धरतो. स्वमग्न मुलांपैकी अनेकांच्या संवेदना फार तीव्र असतात. पोत, वास, चावतानाचा आवाज, सगळं एकदम अंगावर येतं. त्यांचा मेंदू आधीच्या अनुभवावर कमी विसंबतो, असंही काही शास्त्रज्ञांचं मत आहे. तसं असेल तर त्यांच्यासाठी चारही द्राक्षं नवीच. बिस्किटाचं मात्र तसं नाही. पुड्यातलं पहिलं जसं, तसंच शेवटचं. म्हणून ही मुलं ठरलेल्या आकाराचं, ठरलेल्या कुरकुरीतपणाचं खाणं धरून ठेवतात. तिथे त्यांना भरवसा असतो. पुड्यावरचं चित्र बदललं की तोच डळमळतो.

आता जबरदस्तीबद्दल. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात छोट्या मुलांना सूप दिलं. कधी ‘संपव, संपव’ असा आग्रह केला, कधी नाही. आग्रह झाला तेव्हा मुलांनी कमी सूप प्यायलं आणि त्याबद्दल तक्रारीही जास्त केल्या. ही स्वमग्न नसलेली मुलं होती. जिथे मुळात भीतीच आहे, तिथे नाक दाबून घास कोंबला तर पुढच्या वेळी ताट दिसताच उमासे येतात. उपाशी ठेवणंही तितकंच चुकीचं. स्वमग्न मुलांपैकी काहींना स्वतःची भूक नीट जाणवतच नाही, आणि काही जण भीतीपोटी खरोखर उपाशी राहतात.

ओळख व्हायला वेळ लागतो. एरवीच्या मुलांनाही एखादा पदार्थ आवडू लागायला ८ ते १५ वेळा चाखावा लागू शकतो. इथे त्याहून जास्त धीर धरावा लागतो. शिवाय ओळख म्हणजे खाणंच असं नाही. गाजराचा तुकडा आज टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असेल, काही दिवसांनी शेजारच्या बशीत. मग कधीतरी बोट टेकवून मूल तो हळूच नाकाशी नेईल आणि परत ठेवेल. माझ्या मते त्या दिवशीचं काम तिथे झालं. ‘आता खाऊन बघ ना’ म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मात्र थांबून चालत नाही अशा वेळाही असतात. चालू असलेले पदार्थ एकेक करून गळत असतील, वजन घटत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. अगदी मोजकं खाणाऱ्या स्वमग्न मुलांमध्ये क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी आहेत. मूल लंगडतं, पाय दुखतात म्हणून चालायला नकार देतं, हिरड्यांतून रक्त येतं. बद्धकोष्ठता, किडलेला दात, घशाशी येणारं आम्ल हेही नकारामागे असू शकतं, आणि जे मूल बोलत नाही ते हे सांगणार कसं?

घरात एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. आवडत्या पदार्थात न सांगता औषध किंवा नवं काही मिसळू नये. जिभेला ते कळतं, आणि मोजक्या चार पदार्थांतला एक कायमचा सुटू शकतो.